पाव हिस्सा आणि एक लग्न

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न चार आहेत: सहीने हक्क गेला का, वडिलांच्या मिळकतीत हिस्सा किती, धाकट्या बहिणीच्या लग्नाने तो जाईल का, आणि दावा केला तर तुम्हाला स्थळ येईल का. पण चारही प्रश्नांच्या तळाशी भीती एकच दिसते: हिस्सा मागितला तर लग्नं जमणार नाहीत, आणि धाकटीने मनासारखं लग्न केलं तर हिस्सा जाईल. सोलापूरच्या कोर्टात तीस वर्षांहून जास्त काळ वाटपाचे दावे चालवतोय. ही भीती घेऊन येणाऱ्या बहिणी मला नवीन नाहीत. कायद्याच्या पुस्तकात या दोन गोष्टींची गाठ कुठेच मारलेली नाही. ती तुमच्या भावाने मारली आहे, कारण ती त्याच्या सोयीची आहे.

मी काय धरून चाललोय ते आधी सांगतो. वडिलांची पहिली पत्नी वारली, तिचा एक मुलगा. नंतर तुमच्या आईशी लग्न, आणि तुम्ही दोघी. वडील जाऊन अकरा महिने झाले. साखर पेठेतलं घर आजोबांच्या वेळचं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं शेड आणि 24 माग वडिलांनी स्वतः उभे केलेले, दक्षिण सोलापुरात तीन एकर. दिवसकार्य चालू असताना दहाव्या दिवशी भावाने पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेला कागद पुढे केला, ‘दोघींच्या लग्नाचा खर्च मी करीन, हक्क सोडला म्हणून सही करा.’ आईंनी आणि तुम्ही सही केली. धाकटीने केली नाही. तुमचं ठरत आलेलं स्थळ ही सही कळल्यावर गार पडलं. धाकटीला ज्याच्याशी लग्न करायचंय तो तुमच्याच कारखान्यातल्या जॉबरचा, म्हणजे माग जोडून-दुरुस्त करून देणाऱ्या कामगाराचा मुलगा, आता एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. जात एक, घरात बोलायची तेलुगूही एक, तरी भाऊ म्हणतो, ‘आपल्या मागावर राबणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, आणि रजिस्टर लग्न केलंस तर कायद्यानेच घराबाहेर जाशील.’

सहीपासून सुरू करू, कारण तुम्ही स्वतःला सगळ्यात जास्त दोष तिथे देताय.

एक आठवून सांगा. त्या दिवशी तुम्हाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं होतं का? कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला? तुम्ही लिहिलंय की वकिलाचा माणूस घरी आला, नोटरीचा शिक्का नंतर मारून आणला. म्हणजे नोंदणी झालेली नाही. स्थावर मिळकतीतला शंभर रुपयांवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, हे 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, त्या कागदाने तुमचा किंवा आईंचा हिस्सा गेलेला नाही.

पण म्हणून तो कागद निरुपयोगी आहे असं समजू नका. उद्या भाऊ कोर्टात म्हणेल, ‘घरात तोंडी वाटप झालं, हा कागद त्याची आठवण.’ सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात असल्या तोंडी वाटपाच्या बचावाकडे संशयानेच पाहायला सांगितलंय, सरकारी दप्तरातला भक्कम पुरावा असेल तरच तो अपवाद म्हणून धरायचा. तरीही गप्प बसू नका. वकिलामार्फत भावाला नोटीस पाठवा: ही सही दुःखाच्या दिवसांत, मजकूर न समजावता घेतली, ती आम्हाला मान्य नाही. पुढे कुठलाही कागद रद्द करून मागायची वेळ आलीच तर त्याला खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुमचे अकरा महिने गेलेत. घाबरायला लागू नका, पण दिवाळीनंतर बघू असंही करू नका.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी दोन बहिणी आल्या होत्या, शहराच्या पूर्व भागातल्याच. त्यांचा कागद मात्र नोंदवलेला होता. भावाने रिक्षा करून निबंधक कार्यालयात नेलं, परतताना उडप्याकडे डोसा खाऊ घातला. थोरली मला म्हणाली, ‘साहेब, तो डोसा अजून घशात आहे.’ तो दावा आम्ही शेवटी तडजोडीत मिटवला आणि हाती आलं ते निम्म्याहून कमी. तुमचा कागद त्या जातीचा नाही, एवढं समाधान माना.

आता हिस्सा किती. इथे लोक ‘वडिलोपार्जित’ आणि ‘स्वकष्टार्जित’ यावरून तासन्‌तास भांडतात, म्हणून गणित मांडून दाखवतो. घर वडिलोपार्जित धरा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली वाटेकरी आहे. आपल्याकडे तर 1994 च्या राज्य दुरुस्तीनेच अविवाहित मुलींना हा हक्क दिला होता. वडील वारले त्या क्षणी वाटप झालं असं मानायचं: वडील, आई, भाऊ, तुम्ही दोघी, असे पाच हिस्से. आईचा त्यात हिस्सा धरायचा, हे 1978 मध्ये महाराष्ट्रातल्याच हिराबाई मगदूम यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. मग वडिलांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत, प्रत्येकी विसावा. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे पाव. आता शेड आणि माग स्वकष्टार्जित धरा. त्याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे चार वारस, प्रत्येकी पाव. आजी हयात असत्या तर त्याही वारस ठरल्या असत्या. त्या नाहीत, म्हणून पावच. भाऊ पहिल्या पत्नीचा आणि तुम्ही दुसरीच्या, याने या पावात काडीचाही फरक पडत नाही. वडिलांची मुलं ती वडिलांची मुलं.

फरक पडतो तो मृत्युपत्राने. स्वतः कमावलेली मिळकत वडील कुणालाही लिहून देऊ शकतात. सहदायकी मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. म्हणून भाऊ अजून मृत्युपत्र काढून दाखवत नसला तरी ते निघू शकतं, हे मनात असू द्या. निघालंच तर त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि ते कोर्टात सिद्ध करायची जबाबदारी त्याची. घराच्या बाबतीत आणखी एक विचारा: आजोबा कधी वारले? 1956 नंतर वारले असतील आणि घर वडिलांना वारसाहक्काने आलं असेल, तर ते कायद्याच्या नजरेत वडिलांचं स्वतंत्र ठरतं. ‘आजोबांचं’ म्हटलं की वडिलोपार्जितच, असं नसतं. निम्मे वकीलही इथे घसरतात.

‘राहत्या घराचं वाटप बहिणींना मागता येत नाही’ हे जे तुमच्या काकांनी सांगितलं, ते 2005 पूर्वी खरं होतं. कलम 23 होतं तसं. ते काढून टाकलं. काकांचा कायदा वीस वर्षं जुना आहे.

आणि शेवटच्या दिवसांत दवाखान्यात वडील भावाला म्हणाले, ‘बहिणींना सांभाळ.’ तुम्ही हे वाक्य पत्रात तीन वेळा लिहिलंय. मला कळतं. पण त्या वाक्यातून दावा उभा राहत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. सांभाळणं त्याच्या मर्जीवर, पाव हिस्सा नाही. लग्नाच्या खर्चाचंही तेच. मांडव, जेवणावळी आणि पाच तोळे सोनं म्हणजे हिस्सा दिला, असा हिशेब सोलापुरात घरोघरी लावतात. कोर्ट तो मानत नाही.

आता धाकटीकडे वळतो. तिचा प्रश्न कायद्याला सोपा आहे, घराला अवघड.

‘रजिस्टर लग्न केलं तर घराबाहेर’ ही धमकी भावाला कुणीतरी अर्धवट पुस्तक वाचून सांगितली आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात कलम 19 आहे खरं: एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली लग्न केलं तर तो कुटुंबातून विभक्त झाला असं मानायचं. विभक्त होणं म्हणजे हिस्सा बुडणं, असं तेव्हाही नव्हतं. त्यात 1976 साली 21अ घातलं गेलं. नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर कलम 19 लागूच होत नाही. ही दोघं तर एकाच समाजातली, मंगल कार्यालयात अंतरपाट धरून लग्न करून मग नोंदणी केली तरी चालेल. कुठल्याही पद्धतीने केलं तरी तिचा पाव तिथेच राहतो. आणि उद्या कुणी दुसऱ्या जातीत किंवा धर्मात गेली तरी? जात किंवा धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जात नाही, हे 1850 च्या कायद्यानेच ठरवून टाकलं होतं. ते इंग्रजांनी केलं म्हणून काही जण अजून चिडतात.

रजिस्टरचंच ठरलं तर दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं, नोटीस द्यायची, ती 30 दिवस लावली जाते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ते 30 दिवस घरात सगळ्यात वाईट जातात. धाकटीने त्या काळात कुठे राहायचं ते आधी ठरवा. मोबाईल, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक तिच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या. हे वकिली नाही, अनुभव आहे. समाजातून बाहेर टाकू अशी भाषा कुणी पंच करायला लागले तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तुमच्या बाबतीत पंच काही म्हणणार नाहीत असं वाटतं. मुलगा समाजातलाच आहे. इथे जात आडवी येत नाहीये, मालक आणि कामगार आडवे येतात. जुनी मिल 1963 ला बंद पडली, पण मिलने शिकवलेलं गेटाच्या आतलं आणि बाहेरचं हे आपल्या शहरातून गेलेलं नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं तेव्हा संमती कट्ट्यापाशी अख्खं सोलापूर अक्षता टाकायला उभं असतं, मालकही आणि विणकरही. घरी आल्यावर तेच लोक विचारतात, ‘त्याचं घर कुठे, विडी घरकुलात?’ म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत.

एक गोष्ट मात्र तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मुलाचे वडील तुमच्या कारखान्यात 22 वर्षं आहेत. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ग्रॅच्युइटी दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 330 दिवसांच्या पगाराचं देणं वडिलांच्या व्यवसायावर आहे. भविष्य निर्वाह निधी भरला की नाही ते वेगळंच, यंत्रमागात तो वाद जुना आहे. वारसाला नुसती मिळकत मिळत नाही, मिळकतीच्या मर्यादेपर्यंत देणंही येतं. म्हणजे हिस्सा मिळाला की तुमची धाकटी तिच्या होणाऱ्या सासऱ्यांची देणेकरी ठरते. हसू नका, हे समोर येणार आहे. भाऊ त्यांना कामावरून काढून सूड उगवेल अशीही शक्यता धरा. म्हणून त्यांनी आत्ताच पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचा कागद, जे असेल ते जपून ठेवावं, आणि राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही करू नये.

तुमचा चौथा प्रश्न तुम्ही शेवटी, अगदी हळूच विचारलाय: ‘दावा केला तर कोर्टात गेलेली मुलगी म्हणून मला पुन्हा स्थळ येईल का?’ गोड बोलून टाळत नाही. काही घरं मागे हटतील. ‘भावावर केस करणारी’ म्हणतील. पण तुमच्याच पत्रात उलटही घडलंय: सही करून हक्क सोडलात म्हणून एक स्थळ गेलं. एकाला हिस्सा सोडलेली नको, दुसऱ्याला हिस्सा मागितलेली नको. या दोघांना खूश करणारा कागद मला तयार करता येत नाही. तुमचं वय 31, नोकरी आहे, आई तुमच्याबरोबर राहणार आहेत. मला विचाराल तर मी स्थळाचा विचार बाजूला ठेवून आईंच्या म्हातारपणाचा हिशेब आधी मांडीन.

आईंबद्दल कुणी काही विचारलं नाही, तुम्हीही नाही. त्यांचा पाव हिस्सा वेगळा आहे, त्यांचा स्वतःचा आहे. त्यांच्या पश्चात तो तुम्हा दोघींना जाईल. सावत्र मुलगा त्यांच्या वारसांत ‘मुलगा’ म्हणून येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ठरवलंय. भावाला हे माहीत असेल, म्हणूनच त्याने आईंची सही आधी घेतली असा माझा कयास आहे. आईंनी आता बक्षीसपत्र वगैरे कुणालाच करू नये, तुम्हालाही नाही. एक साधं मृत्युपत्र करून ठेवावं, जमलं तर नोंदवून.

आता कामाला लागा. शेतीचा सात-बारा आणि फेरफार काढा. वारस नोंदीत फक्त भावाचं नाव लागलं असेल तर प्रांतांकडे अपील करता येतं, साठ दिवसांची मुदत असते, उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागायची. सात-बाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असं नसतं, आणि नाव नाही म्हणून मालकी गेली असंही नाही, पण नाव नसलं की विकणाऱ्याची हिंमत वाढते. घराची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून घ्या. तिन्ही मिळकतींचा शोध दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक 2 मध्ये घ्या, म्हणजे तुमच्या पाठीमागे काही नोंदलं गेलंय का ते कळेल. शेडचं वेगळं आहे: एमआयडीसीची जागा विकत मिळत नसते, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, वारसांची नावं त्यांच्याच दप्तरी लावावी लागतात. तिथे आजच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

कारखाना तोट्यात आहे, असं भाऊ सांगतो. असेलही. टॉवेलच्या धंद्याचे दिवस बरे नाहीत, कितीतरी माग भंगाराच्या भावात गेले. पण वह्यांपेक्षा मी लाइट बिल आधी बघतो. माग बंद असेल तर युनिट जळत नाही. गेल्या तीन वर्षांची बिलं आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचा उतारा समोर ठेवला की तोटा खरा की सांगायचा ते कळतं.

दावा करायची वेळ आली तर आई आणि तुम्ही दोघी, तिघींनीच वादी व्हा. 1 ऑक्टोबर 1994 च्या शासन अधिसूचनेने मिळकतीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. म्हणून मामांना वादी म्हणून आत घ्यायचा आग्रह कुणी केला तर नको म्हणा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दाव्याबरोबर मनाई हुकमाचा अर्ज द्यायचा आणि दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवायची, म्हणजे घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही.

पण दावा लांबतो. आधी कुणाचा किती हिस्सा याचा हुकूमनामा, मग प्रत्यक्ष वाटप, शेतीचं महसूल खात्याकडून, घराचं कोर्ट कमिशनरकडून, मध्ये अपिलं. आईने लावलेला दावा मुलीने संपवलेला मी पाहिलाय. म्हणून नोटिशीत मागणी पाव हिश्श्याचीच करा, पण मनात अदलाबदल ठेवा: शेड, माग आणि बँकेचं कर्ज भावाकडे, घर आणि शेती तुम्हा तिघींकडे, फरक रोख, आणि जॉबरांची ग्रॅच्युइटी देण्याची जबाबदारी भावाने लेखी घेतलेली. 24 माग चालवायची तुमच्यापैकी कुणाची तयारी नाही, आणि माग सोडून त्याला जगता येणार नाही. असं वाटणीपत्र नोंदवून घेतलं तर दोन्ही बाजूंना जगता येतं. कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रातही हे होऊ शकतं.

धाकटीच्या लग्नाची तारीख या बोलणीत आणू नका. भाऊ आणेल. तेव्हा एवढंच म्हणायचं, ‘ते तिचं ती बघेल, आपण घराचं बोलू.’ आणि मिळकत पत्रिका व तीन वर्षांची लाइट बिलं हातात येईपर्यंत त्याच्यासमोर पैशाचा आकडा उच्चारू नका, त्याने कितीही विचारला तरी.